टाकीतली बाळंतीण

माशांची काचेची टाकी घेऊन मी सिंदीच्या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी ती चारी बाजूंनी न्याहाळली आणि विचारलं, "म्हंजे याईले नुसतं पाह्याचंच का?" त्यांचं बरोबरच होतं. आमचं घर भाजीपाला पिकवणारं. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे वावरात उगवतं ते दुसऱ्या दिवशी बाजारात जातं. गाय दूध देते, मांजर निदान उंदीर तरी धरते. काहीच न देणारे जीव पोसायचे आणि वर त्यांच्या हवेसाठी विजेचा पंप चालू ठेवायचा, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. मी मात्र वर्ध्याला विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांचे आजार आणि अपघात ऐकून संध्याकाळच्या गाडीनं परतायची, आणि त्या पाण्यासमोर थोडा वेळ बसल्याशिवाय मला माणसांशी धड बोलता येत नसे. नवऱ्यानं हे लवकर ओळखलं आणि टाकी बैठकीतल्या भिंतीला लावून दिली.

टाकीत चार एंजल होते, एक थोराड पिवळा सेव्हरम होता आणि काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा एक सकर. एंजल आणि सेव्हरम दोन्ही सिक्लिड कुळातले. दुकानदार विकताना सांगतात की हे सगळे एकत्र राहतात. राहतात, पण कसे ते दुकानदाराला विचारू नये. सिक्लिडला धुरा लागतो, शेताला बांध लागतो तसा. हा दगड माझा, ती वेल तुझी, आणि इकडची शेपटी तिकडे गेली की भांडण, अगदी आमच्या शिवारातल्या माणसांसारखं. फार झालं की मी दगड आणि कौलाचे तुकडे उचलून सगळी मांडणीच बदलून टाकायची. मग सगळ्यांचेच धुरे पुसले जात आणि काही दिवस शांतता राही.

त्या उन्हाळ्यात नणंद बाळंतपणाला माहेरी आली. वयानं माझ्याहून लहान, पण नात्यानं ताई, म्हणून आमच्यात अहो-जाहो. तिला रक्तदाबाचा त्रास होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरातला मोठा कूलर बैठकीच्या खिडकीला, म्हणून तिचा पलंगही बैठकीत, टाकीच्या बरोबर समोर. आठवा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी आठव्याच महिन्यात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं.

त्या वेळी सासूबाईंनी सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. डबाभर डिंकाचे लाडू, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, बाळंतशोपा, सगळं. ती बातमी आली तेव्हा त्यांनी लाडवांचा डबा गाईपुढे रिकामा केला. दुपटी कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. त्या बाळाबद्दल घरात पुन्हा एक अक्षर निघालं नाही. या खेपेला त्यांनी ठरवून टाकलं होतं की लेकरू हातात येईपर्यंत काही म्हणजे काही करायचं नाही. डिंकाचा खडा नाही, कापडाची चिंधी नाही. समोर दिवस भरत आलेली बाई झोपलेली आणि घरात कोणी येणार असल्याची एकही खूण नाही. मला ते पाहून गुदमरायला व्हायचं. पण त्या विषयावर सुनेनं तोंड उघडायची सोय नव्हती.

नणंदेनं सुरुवातीला टाकीची टिंगलच केली. "वहिनी, तुमचे मासे दिवसभर काय करते माहीत आहे? तोंड उघडते अन् मिटते. आमच्या सासरच्या लोकाइवानी." मग हळूहळू तिला करमायचं साधनच ते झालं. मी घरी आले की चप्पल काढायच्या आत मला टाकीतल्या दिवसभराच्या बातम्या मिळत. पिवळ्यानं कोणाला हाणलं, सकर कुठे लपला होता, सगळं. एके दिवशी ती म्हणाली, "त्या काळ्या पट्ट्यावाल्याचं अन् चांदीवालीचं जमलं वाटते. दोघं मिळून कौलाचा तुकडा घासून राह्यले, अन् बाकीच्याले जवळ येऊ देऊन नाई राह्यले."

मी पाहिलं आणि मला काही ते आवडलं नाही. एंजलची जोडी जमली की टाकीतला सगळा हिशेब बदलतो. दोघांनी मिळून अर्धी टाकी बळकावली होती. बाकीचे दोन एंजल पंपाच्या नळीमागे दडले होते आणि एवढा मोठा सेव्हरम एका कोपऱ्यात तिरपा होऊन उभा होता.

रविवारी दुपारी अंडी आली. मी घरीच होते. चांदीवाली उभ्या कौलावरून खालून वर सरकत होती आणि तिच्या मागे राजगिऱ्याच्या दाण्यांसारख्या ओळी उमटत होत्या. नर तिच्यामागून तसाच सरकत होता. नणंद कुशीवर वळून, उशी छातीशी धरून पाहत होती. मग तिनं विचारलं, "वहिनी, यातून पिल्लं निंगतीन न?"

आता काय सांगायचं? एंजलची जोडी पहिल्या खेपेची अंडी पुष्कळदा स्वतःच खाऊन टाकते. घाबरली की खाते, उजेड अचानक पडला की खाते, कधी काहीही न होता खाते. म्हणून पाळणारे लोक अंड्यांचा दगड उचलून वेगळ्या भांड्यात ठेवतात, त्यात हवेची नळी सोडतात आणि आईबापांना लांबच ठेवतात. मी तेच करायला निघाले. स्वयंपाकघरातून काचेची बरणी आणली, बाही वर सारली आणि हात पाण्यात घालणार तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"हात काढ."

त्या टाकीपाशी येऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खाली बसून काचेतून आत पाहत होत्या. चांदीवाली अंड्यांवर पंख हलवत होती, पाणी खेळतं ठेवत होती. सासूबाईंचा चेहराच बदलला. "बाळंतीण झाली वो माय ही," त्या हळूच म्हणाल्या. "बाळंतिणीपासून कोणी लेकरं दूर नेते का?"

"आई, नाई नेले तं ते खाऊन टाकते," मी म्हणाले.

बोलले आणि तिथल्या तिथे जीभ चावली. नणंद पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं त्यांनी मला लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. मी मुकाट्यानं बरणी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळपासून टाकी माझी राहिली नाही. सासूबाईंनी तिच्याखाली विळा ठेवला, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तसा. दाराकडच्या बाजूला जुनं पातळ टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको म्हणून. शेजारणींना बैठकीत यायची बंदी झाली. पाचवी होईपर्यंत कोणीही पाण्यात हात घालायचा नाही, असा हुकूम निघाला. आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पाह्यजो, हिचं नीट झालं का तुह्यंही नीट होते." नणंद हसली. मी मात्र हादरले. आता ती अंडी नुसती अंडी राहिली नव्हती. ती गेली तर या पलंगावरची बाई उरलेले दिवस कशाच्या भरवशावर काढणार होती? आणि ती बहुधा जाणार, हे घरात फक्त मी धरून चालले होते.

सोमवारी सेव्हरमचे हाल सुरू झाले. नर त्याला क्षणभर स्वस्थ राहू देईना. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, बाजूचे खवले निघाले. तो मरणार हे दिसत होतं. एका बादलीत काढून ठेवला असता तर सुटला असता, पण हुकूम म्हणजे हुकूम. मी अंगणात नवऱ्याला गाठलं. तो सांभाराच्या जुड्या बांधत होता.

"तुम्ही आईले सांगा. मले पाण्यात हात घालू द्या म्हणा."

"पाच दिवसाचा तं प्रश्न आहे."

"पाच दिवसात पिवळा मरते. अन् अंडे गेले तं ताईकडं कोण पाह्यीन? तुम्ही पाह्यसान?"

त्यानं जुडी बांधली, बाजूला ठेवली आणि दुसरी हातात घेतली. बहिणीचा विषय निघाला की हा माणूस असाच मूग गिळून बसतो. मला त्याचाही राग आला, सासूबाईंचाही आला आणि त्या चांदीवालीचाही. सासूबाई काही भोळ्या नाहीत. व्यापाऱ्याच्या काट्यातली लबाडी त्या लांबून ओळखतात. पण भीती बसली की माणसाची हुशारी कुठे जाते कोण जाणे.

मंगळवारी कचेरीत माझं कशात लक्ष नव्हतं. उन्हानं डांबर वितळत होतं. मी मनातल्या मनात नणंदेला सांगायची वाक्यं जुळवत होते. मासोळ्यांचं असंच असते. पुढच्या वेळी नीट होते. प्रत्येक वाक्य तिच्या बाबतीतही लागू पडत होतं आणि म्हणून एकही बोलण्याजोगं नव्हतं. गाडीतून उतरले आणि भराभर घराकडे निघाले. फाटकाशी पोचले आणि पाय थबकले. घरातून तुपात डिंक तळल्याचा वास येत होता.

या वासाचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. लेकरू हातात येईपर्यंत करणार नाही, असं सासूबाईंनी म्हटलं होतं. म्हणजे झालं? आठव्यातच? मग दवाखाना, मग मला फोन का नाही? मी धावतच आत शिरले.

नणंद पलंगावर उठून बसली होती. पोट तसंच होतं. चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती टाकीकडे बोट दाखवत होती. कूलर बंद, पंखा बंद, पंपाची घरघरही बंद. "दुपारपासून लाईन नाई," ती म्हणाली. "अन् आईनं तिले लाडू टाकला, वहिनी."

मी पातळ बाजूला सारलं. कौलाच्या तुकड्याशी, चांदीवालीच्या पुढ्यात, डिंकाचा एक छोटासा लाडू विरघळून पडला होता. खसखस आणि खोबऱ्याचा चुरा पाण्यात तरंगत होता आणि वर, सगळ्या पाण्यावर, तुपाचा तवंग पसरला होता. पंप बंद, पाणी तापलेलं आणि त्यावर हे झाकण. आत हवा उरली नव्हती. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काल एकमेकांचे लचके तोडणारे आज अंगाला अंग लावून, फाटक्या शेपटीचा सेव्हरम आणि तो नर शेजारी शेजारी. फक्त चांदीवाली खाली होती. तिचा श्वास जोरजोरात चालला होता, पण अंड्यांवरचे पंख काही थांबत नव्हते.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला तूप होतं. "तिनं दोन दिवसापासून काई खाल्लं नाई," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीच्या पोटात काही नको का?"

मला ओरडायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि राग गळूनच गेला. दोन वर्षं त्या हातांनी डिंकाला स्पर्श केला नव्हता. समोरच्या लेकीसाठी लाडू वळायची त्यांना भीती वाटत होती, आणि वळल्याशिवाय राहवतही नव्हतं. म्हणून त्यांनी ते मासोळीसाठी वळले होते. ती तर बाळंत झालीच होती, तिच्यासाठी करण्यात काय धोका, असं त्यांना वाटलं असणार.

"पाणी बदलावं लागते, आई. आत्ताच."

"हात घालू नोको. पाचवी झाली नाई अजून."

"नाई घातला तं सगळे मरते."

"अन् घातला तं?" हा प्रश्न नणंदेचा होता. "घातला तं काय होते, वहिनी? खरं सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं. दिवसभर जुळवलेली सगळी वाक्यं डोक्यातून पळून गेली. "घाबरून अंडे खातीन," मी म्हणाले. "नक्की नाई सांगू शकत. पण बहुतेक खातीन."

ती टाकीकडे पाहत राहिली. एक एंजल आडवा व्हायला लागला होता. मला एकेक क्षण जड जात होता, पण तिच्या तोंडून निघाल्याशिवाय माझा हात उचलवेना. मासे माझे होते, पण डाव तिचा लागला होता.

"घाला हात," ती म्हणाली. "अंडे गेले तं जातीन. हे सगळे माह्या डोळ्यासमोर गुदमरून मरून राह्यले, ते मले नाई पाहवत."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. मी जुने पेपर काढले. पेपराचं पान पाण्यावर अलगद पसरायचं, तवंग त्याला चिकटतो, मग पान उचलून टाकायचं. नणंद पलंगावर बसून पानं सुटी करून देत होती, मी पसरत होते, उचलत होते. लाडवाचा लगदा जाळीनं काढला. मग रबरी नळी तोंडानं ओढून निम्मं पाणी अंगणात सोडलं आणि वावरातल्या विहिरीचं जे पाणी मी ड्रममध्ये भरून ठेवते, ते मगानं वरून धार धरून ओतत राहिले. धारेबरोबर हवा आत जाते. हात भरून आले तरी धार थांबवता येईना. आडवा झालेला एंजल हळूहळू सरळ झाला. सकर काचेला चिकटला. एकेक जण खाली उतरला आणि आपापल्या कोपऱ्याला गेला.

नर कौलापाशी गेला. त्यानं अंड्यांकडे पाहिलं आणि एक अंडं टिपलं. खराब झालेलं अंडं ते वेचून काढतात, म्हणून मी लगेच आशा सोडली नाही. त्यानं दुसरं टिपलं. तिसरं. मग चांदीवाली पुढे आली आणि तीही टिपायला लागली. पंख हलवत होती तितक्याच मन लावून ती खात होती. मला पातळ पुन्हा ओढावंसं वाटलं. माझा हात तिकडे गेलाही.

"राहू द्या," नणंद म्हणाली.

तिनं शेवटपर्यंत पाहिलं. कौल कोरं झालं. मला तिच्या चेहऱ्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती, पण पाहिलं, तर ती रडत नव्हती. रडत सासूबाई होत्या. त्या दारातच खाली बसल्या होत्या.

"माह्या हातानंच होते हे," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीही माह्या लाडवानंच झालं."

दोन वर्षांत या घरात मागच्या खेपेचा उल्लेख पहिल्यांदा झाला होता.

"तुह्या लाडवानं काई झालं नोतं, आई," नणंद म्हणाली.

"मंग कायनं झालं?"

"कायनंच नाई. मी डॉक्टरले कितीक खेपा विचारलं. असंच होते म्हणे कधी कधी."

सासूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मले वाटे तू माह्यावर रागावून आहे. तवापासून माह्या हातचं गोड नाई खाल्लं तू."

"मले वाटे तूच माह्यावर रागावून आहे," नणंद म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "एवढी तयारी केलती तू, अन् मी रिकाम्या हातानं आली."

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. पलंगापाशी गेल्या आणि लेकीचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं, तुपाचे हात तसेच तिच्या केसांत. मी तुपकट पेपरांचा बोळा उचलला, अंगणात गेले आणि घरातला रडण्याचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.